अँटिव्हायरसचं वेब स्कॅनिंग रॅम खातंय का? स्वतः तपासायची पद्धत

ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब उघडे असतात, संगणक रेंगाळायला लागतो, म्हणून तुम्ही टास्क मॅनेजर उघडता. वर ब्राउझर, त्याखाली अँटिव्हायरस. पण सगळ्या ओळींची बेरीज केली तरी वापरात दाखवलेल्या मेमरीशी हिशेब जुळत नाही. अशा वेळी एक जण सांगतो अँटिव्हायरस उडव, दुसरा सांगतो रॅम वाढव. दोघांनीही काही मोजलेलं नसतं.

ही तपासणी मी करायला घेतली तेव्हा मोजण्यापेक्षा नेमकं काय मोजायचं हे शोधण्यातच जास्त वेळ गेला. तो तुमचा वाचावा म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. परफॉर्मन्स मॉनिटर आजवर कधी उघडला नसेल तरी अडणार नाही.

सुरुवातीला एवढं माहीत हवं

वेब स्कॅनिंग म्हणजे पान किंवा फाइल ब्राउझरच्या हाती पडण्याआधी अँटिव्हायरसने ती वाटेत उघडून पाहणं. कुणी त्याला ‘वेब शील्ड’ म्हणतं, कुणी ‘वेब ॲक्सेस प्रोटेक्शन’, कुणी आणखी काही. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर असल्यामुळे आतला मजकूर वाचायला अँटिव्हायरसला मध्ये बसावं लागतं. तो विंडोजमध्ये स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्यावर ब्राउझर विश्वास ठेवतो असं ओळखपत्र) टाकतो, साइटशी एक सुरक्षित जोडणी करतो आणि ब्राउझरशी दुसरी. म्हणजे एका जोडणीच्या दोन होतात, आणि दोन्हींसाठी मेमरी लागते.

ही मेमरी तीन ठिकाणी जाऊ शकते. पहिलं ठिकाण अँटिव्हायरसची मुख्य सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम), ती टास्क मॅनेजरमध्ये दिसते. दुसरं म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणारा ड्रायव्हर. तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात चालतो आणि त्याची मेमरी ‘नॉन-पेज्ड पूल’मध्ये (कर्नलच्या कायम रॅममध्येच राहणाऱ्या साठ्यात) जमा होते, कुठल्याच प्रोसेसच्या ओळीत नाही. हिशेब जुळत नाही तेव्हा मी सगळ्यात आधी इथेच बघतो. तिसरं ठिकाण खुद्द ब्राउझर: अँटिव्हायरसचं एक्स्टेन्शन, किंवा ब्राउझरच्या प्रोसेसमध्ये त्याने घुसवलेली डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामच्या आत चालणारी कोडची फाइल).

विंडोजचा स्वतःचा डिफेंडर एचटीटीपीएस असं मध्ये बसून उघडत नाही. तुमच्याकडे फक्त तोच असेल आणि ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ ही ओळ फुगलेली दिसत असेल, तर कारण बहुधा फाइलींचं स्कॅनिंग असतं. खालच्या पायऱ्यांमधला एचटीटीपीएसचा भाग मग तुम्हाला लागू नाही.

काय काय लागेल

- ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेलं खातं
- विंडोजमध्येच असलेला परफॉर्मन्स मॉनिटर
- मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले प्रोसेस एक्सप्लोरर आणि रॅममॅप (दोन्ही मोफत, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या)
- कुठलंही स्प्रेडशीट
- ठरावीक साइटची लेखी यादी: दोन-तीन मजकुराच्या, एक भरपूर चित्रांची, एक व्हिडिओची, आणि एक मोठी फाइल, उदाहरणार्थ एखाद्या लिनक्सची आयएसओ
- मध्ये दुसरं काम करावं लागणार नाही असा निवांत वेळ. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला

यादीत बँक, ईमेल किंवा जिथे लॉगिन लागतं असं काही नको. पुढे आपण संरक्षणाचा काही भाग थोडा वेळ बंद करणार आहोत. शिवाय बऱ्याच अँटिव्हायरसमध्ये बँकांच्या साइट एचटीटीपीएस तपासणीतून मुळातच वगळलेल्या असतात, त्यामुळे त्यांच्यावर मोजून हाती काही लागत नाही.

१. जमीन सारखी करून घ्या

संगणक ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू केलेला चालणार नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. कालचा फुगलेला पूल आज तसाच समोर येतो. रीस्टार्टमध्ये कर्नल कोरा सुरू होतो.

अँटिव्हायरस आणि त्याची व्हायरस-व्याख्या (व्हायरस ओळखण्याची माहिती) आधीच अपडेट करून घ्या. नवी व्याख्या लोड होताना जुनी आणि नवी काही काळ दोन्ही मेमरीत राहू शकतात, आणि चाचणीच्या मध्यावर असा उंचवटा आला की अख्खी फेरी वाया जाते. वेळापत्रकातलं स्कॅन पुढे ढकला, विंडोज अपडेट तात्पुरतं थांबवा. दोन अँटिव्हायरस एकत्र चालू असतील तर एक काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ब्राउझरमध्ये नवं प्रोफाइल बनवा, एकही एक्स्टेन्शन नको. मग या चार गोष्टी:

क्रोममधला ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमधले ‘स्लीपिंग टॅब्ज’ बंद करा. हे दोन्ही न वापरलेले टॅब परस्पर झोपवतात आणि आकडे आपोआप खाली येतात.

एजचा ‘स्टार्टअप बूस्ट’, आणि ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीत ॲप चालू ठेवण्याची सोय, हेही बंद. नाहीतर ‘ब्राउझर बंद केल्यावर मेमरी परत आली का’ हा प्रश्नच विचारता येत नाही.

क्रोम आणि एजच्या फ्लॅग्जच्या, म्हणजे प्रायोगिक सेटिंगच्या पानावर ‘क्विक’ (QUIC, साइटशी जोडणी करायची नवी पद्धत) हा प्रोटोकॉल शोधून तो ‘डिसेबल्ड’ करा. एचटीटीपीएस तपासणी चालू असताना अनेक अँटिव्हायरस क्विक अडवतात आणि ब्राउझर जुन्या टीसीपीच्या वाटेने जातो. तपासणी बंद केली की तोच ब्राउझर क्विकने, म्हणजे यूडीपीवरून जायला लागतो. तुलना स्कॅनिंगची करायला बसलात आणि केली दोन वेगळ्या रस्त्यांची, असं होतं. ही बाब सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि प्रत्येक फेरीआधी ब्राउझरची कॅशे साफ करा. दुसऱ्या फेरीत अर्धी चित्रं डिस्कवरून आली तर स्कॅनरला काम कमी पडतं आणि दुसरी फेरी विनाकारण चांगली दिसते.

२. स्कॅनिंग खरंच चालू आहे का, ते बघा

सेटिंगमध्ये बटण चालू दिसतं म्हणजे तपासणी होतेच असं नाही. एखाद्या साध्या साइटवर जा, ॲड्रेस बारच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा (क्रोममध्ये २०२३ पासून तिथे कुलपाऐवजी दुसरं चिन्ह आहे) आणि ‘इश्यूड बाय’ बघा. तिथे अँटिव्हायरसचं नाव असेल तर तो एचटीटीपीएस उघडतोय. एखाद्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव असेल तर ती साइट तरी तो उघडत नाहीये. दोन-तीन साइटवर करून बघा. फायरफॉक्स सर्टिफिकेटचा स्वतःचा साठा ठेवतो, त्यामुळे तिथे वेगळं तपासा. एका ब्राउझरचा निष्कर्ष दुसऱ्याला लावू नका.

दुसरी खूण आयकार चाचणी फाइल. ही ६८ बाइटची निरुपद्रवी फाइल आहे. अँटिव्हायरस कंपन्यांनी आपसात ठरवून ती व्हायरससारखी पकडायची असते. आयकार या संस्थेच्याच साइटवरून एचटीटीपीएसने ती उतरवून बघा. डाउनलोड सुरू होण्याआधीच जोडणी तुटली किंवा अँटिव्हायरसचं पान आलं, तर वेब स्कॅनिंगने पकडली. फाइल डाउनलोड फोल्डरमध्ये पोचली आणि मग गायब झाली, तर ती फाइल स्कॅनरने पकडली. इथे एक फसगत होते: कधी कधी ब्राउझरच ती अडवतो. म्हणून अँटिव्हायरसच्या नोंदींमध्ये जाऊन कुठल्या मॉड्यूलने पकडली ते वाचा.

३. कुठला आकडा वाचायचा

गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून थोडं थांबून.

टास्क मॅनेजरच्या पहिल्या पानावरचा ‘मेमरी’ हा आकडा म्हणजे त्या क्षणी प्रत्यक्ष रॅममध्ये असलेला त्या प्रोसेसचा खासगी भाग. विंडोजला रॅम कमी पडली की तो यातली पानं दाबून ठेवतो (विंडोज १० पासून मेमरी कॉम्प्रेशन आहे) किंवा पेजफाइलमध्ये (डिस्कवरच्या राखीव फाइलीत) ढकलतो. आकडा खाली येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं प्रोसेसने मेमरी सोडली. सोडलेली काहीच नसते. म्हणजे संगणक जितका अडचणीत, तितका हा आकडा जास्त फसवा.

भरवशाचा आकडा ‘प्रायव्हेट बाइट्स’. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ पानावर स्तंभांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून ‘कमिट साइझ’ हा स्तंभ आणला की जवळपास हेच कळतं. प्रोसेसने मागून घेतलेली खासगी मेमरी, मग ती रॅममध्ये असो वा पेजफाइलमध्ये. गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परत न सोडणं, असेल तर ती इथे लपत नाही.

त्याच ठिकाणी ‘हँडल्स’ (प्रोसेसने उघडून ठेवलेल्या फाइली, जोडण्या वगैरेंची संख्या) हाही स्तंभ घ्या. जोडण्या उघडून बंद करायच्या राहत असतील तर हँडलची संख्या सतत चढत जाते, आणि कधी कधी मेमरीच्याही आधी तीच बोभाटा करते.

मग ‘परफॉर्मन्स’ पानावर मेमरी निवडा. तळाशी ‘नॉन-पेज्ड पूल’ लिहिलेलं असतं. साध्या वापराच्या संगणकावर तो सहसा काहीशे एमबीत असतो. तो जीबींमध्ये गेला असेल, आणि ब्राउझिंग वाढेल तसा आणखी वाढत असेल, तर संशयाची सुई कुठल्यातरी ड्रायव्हरकडे.

‘कॅश्ड’ मोठा दिसला म्हणून घाबरू नका. रिकामी रॅम विंडोज फाइलींच्या साठ्यासाठी वापरतो आणि गरज पडली की लगेच मोकळी करतो. अँटिव्हायरसची सर्व्हिस काहीही न करता दोन-तीनशे एमबी घेऊन बसली असेल तरी तेवढ्यावरून तिला दोषी धरू नका. व्याख्यांचा साठा मेमरीत ठेवावाच लागतो.

ब्राउझरच्या आतलं बघायला क्रोम आणि एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. अँटिव्हायरसचं एक्स्टेन्शन तिथे वेगळ्या ओळीत दिसतं.

४. नोंद आपोआप होईल अशी सोय करा

डोळ्यांनी आकडे बघून लक्षात ठेवू नका. आपल्याला जे हवं तेच आपल्या लक्षात राहतं.

स्टार्ट मेनूत परफॉर्मन्स मॉनिटर शोधून उघडा. डावीकडे ‘डेटा कलेक्टर सेट्स’, त्यात ‘यूजर डिफाइन्ड’, राइट क्लिक, ‘न्यू’, ‘डेटा कलेक्टर सेट’. नाव द्या, ‘क्रिएट मॅन्युअली’ निवडा, ‘परफॉर्मन्स काउंटर’वर खूण करा आणि हे काउंटर घाला:

- ‘प्रोसेस’ गटातून अँटिव्हायरसच्या सर्व्हिससाठी प्रायव्हेट बाइट्स, वर्किंग सेट – प्रायव्हेट, हँडल काउंट
- ‘मेमरी’ गटातून पूल नॉनपेज्ड बाइट्स, पूल पेज्ड बाइट्स, कमिटेड बाइट्स, अव्हेलेबल एमबाइट्स

दर १५ सेकंदांनी एक नोंद हे मूळ सेटिंग पुरेसं आहे. नंतर त्या कलेक्टरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन फाइलचा प्रकार ‘कॉमा सेपरेटेड’ करा, म्हणजे ती थेट स्प्रेडशीटमध्ये उघडते. फाइल सी ड्राइव्हवरच्या परफलॉग्ज फोल्डरमध्ये सापडेल.

ब्राउझरच्या प्रोसेस या यादीत घालायच्या भानगडीत पडू नका. एकाच नावाच्या अनेक प्रोसेसना परफॉर्मन्स मॉनिटर क्रमांक देतो, आणि मधली एक बंद झाली की पुढच्यांचे क्रमांक सरकतात. आलेखात मग एका प्रोसेसची रेघ दुसरीला चिकटलेली दिसते. ब्राउझरची बेरीज ठरलेल्या टप्प्यांवर टास्क मॅनेजरमधून हाताने टिपलेली बरी.

अँटिव्हायरसच्या सर्व्हिस बऱ्याचदा संरक्षित प्रोसेस म्हणून चालतात. प्रोसेस एक्सप्लोररने किंवा ‘क्रिएट डंप फाइल’ने (प्रोसेसच्या मेमरीची प्रत काढणारा पर्याय) ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हटलं तर तो बिघाड नाही. वरचे काउंटर तरीही चालतात. त्यासाठी अँटिव्हायरसचं स्वसंरक्षण बंद करू नका.

५. फेरी

रीस्टार्टनंतर दहा मिनिटं हात लावू नका. मग नोंद सुरू करा आणि पुढचं याच क्रमाने, घड्याळ लावून:

पाच मिनिटं नुसतं थांबा. हा तुमचा मूळ आकडा. ब्राउझर उघडून यादीतल्या साइट एकेक करून वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि प्रत्येक पान तळापर्यंत सरकवा. दहा मिनिटं व्हिडिओ चालवा. मोठी फाइल उतरवा. ही पायरी टाळू नका, कारण मोठी फाइल तपासताना काही स्कॅनर ती तुकड्यातुकड्यांनी बघतात, काही मात्र बराच भाग मेमरीत साठवून ठेवतात. मग सगळ्या टॅबमधली पानं दर मिनिटाला एकदा, असं दहा मिनिटं ताजी करत राहा. त्यानंतर एक सोडून बाकी टॅब बंद करा, पाच मिनिटं थांबा. ब्राउझर बंद करा. पंधरा मिनिटं काहीही करू नका. नोंद थांबवा.

शेवटची पंधरा मिनिटं कंटाळवाणी आहेत आणि सगळ्यात महत्त्वाचीही. बहुतेक लोक तिथेच घाई करतात.

६. एकच बटण बदलून पुन्हा

तुलनेच्या फेऱ्या तीन प्रकारच्या:

अ) सगळं चालू
आ) फक्त एचटीटीपीएस तपासणी बंद, बाकी वेब स्कॅनिंग चालू
इ) वेब स्कॅनिंग पूर्ण बंद, फाइल संरक्षण चालू

प्रत्येकीआधी रीस्टार्ट आणि कॅशे साफ. शेवटी ‘अ’ पुन्हा एकदा करा. पहिल्या आणि शेवटच्या ‘अ’मध्येच मोठा फरक आला तर तुमची मोजणी अजून स्थिर नाही, साइटवरच्या बदलत्या जाहिराती हे त्याचं नेहमीचं कारण. यादीतून जास्त जाहिरातींच्या साइट काढा. जमलं तर प्रत्येक प्रकाराच्या तीन फेऱ्या करून मधला आकडा धरा.

संपूर्ण अँटिव्हायरस काढून तुलना करणारे बरेच दिसतात. त्यातून ‘अँटिव्हायरस मेमरी घेतो’ एवढंच कळतं. वेब स्कॅनिंगचा वाटा किती, ते कळत नाही. शिवाय बाहेरचा अँटिव्हायरस काढला की डिफेंडर आपोआप जागा होतो, म्हणजे ‘अँटिव्हायरस नसलेली’ फेरी प्रत्यक्षात तशी नसतेच.

बंद करताना किती वेळासाठी ते बघा. ‘दहा मिनिटांसाठी’ असा पर्याय निवडलात तर फेरीच्या मध्यात स्कॅनिंग परत सुरू होईल. ‘रीस्टार्टपर्यंत’ निवडला तर फेरीआधीच्या रीस्टार्टने ते पुन्हा चालू होईल, म्हणून तो पर्याय रीस्टार्ट झाल्यानंतर वापरा. बटण दाबल्यावर सर्टिफिकेट आणि आयकारची खूण पुन्हा तपासा. काही उत्पादनांत बदल लागू व्हायला ब्राउझर बंद करून उघडावा लागतो. या काळात यादीबाहेरची एकही साइट उघडू नका.

७. आलेख वाचताना

स्प्रेडशीटमध्ये वेळ आडवी, प्रायव्हेट बाइट्स आणि नॉन-पेज्ड पूल उभे घेऊन रेघा काढा. एकटा सर्वोच्च आकडा बघून निष्कर्ष काढू नका, रेघेची चाल बघा.

रेघ चढली, पठारावर आली आणि ब्राउझर बंद केल्यावर मूळ आकड्याच्या आसपास उतरली: स्कॅनिंगला मेमरी लागते, पण ती परत येते. तुमच्या रॅमला तेवढं झेपतं का, हा वेगळा प्रश्न.

चढली, पठारावर आली, पण उतरली नाही: बहुधा कॅशे. तपासलेल्या पत्त्यांची माहिती स्कॅनर जवळ ठेवतो. खात्रीसाठी रीस्टार्ट न करता तीच फेरी पुन्हा करा. पठार त्याच उंचीवर राहिलं तर सोडून द्या.

प्रत्येक वेळी पानं ताजी केली की एक पायरी वर, ब्राउझर बंद करूनही खाली नाही, आणि दुसऱ्या सलग फेरीत तिथूनच पुढे चढण: ही गळती. ‘इ’ फेरीत ही चढण दिसत नसेल तर दोष वेब स्कॅनिंगच्या वाटेवरच आहे. ‘आ’मध्येही नसेल तर एचटीटीपीएस तपासणीत.

सर्व्हिसची रेघ सपाट आणि पूलची रेघ चढती: ड्रायव्हर. ‘इ’मध्येही पूल चढत राहिला तर घाईने अँटिव्हायरसचं नाव घेऊ नका. व्हीपीएन, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आणि नेटचा वेग ‘सुधारणारी’ सॉफ्टवेअरंही त्याच वाटेवर बसतात. मात्र बटण बंद असलं तरी अँटिव्हायरसचा ड्रायव्हर लोड राहू शकतो, म्हणून तोही पूर्ण सुटत नाही.

तिन्ही फेऱ्यांत ब्राउझरच फुगत असेल तर स्कॅनिंगचा संबंध नाही. आधुनिक ब्राउझर वेगवेगळ्या साइट वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतो, तेवढी मेमरी त्याला लागतेच. फक्त ‘अ’मध्ये प्रत्येक टॅबची ओळ थोडी थोडी जाड दिसत असेल तर आत घुसवलेली डीएलएल हे कारण असू शकतं. फायरफॉक्समध्ये ‘थर्ड पार्टी’ मॉड्यूलांची यादी दाखवणारं अबाउटचं पान आहे, ते बघा.

८. पूल वाढत असेल तर मालक शोधा

रॅममॅपच्या पहिल्या पानावर ‘नॉनपेज्ड पूल’ची ओळ बघून वाढ खरी असल्याची खात्री करा. कोणाची, ते पूलमॉन सांगतं. हे साधन विंडोज ड्रायव्हर किटमधून येतं. कर्नलमधून मेमरी मागताना ड्रायव्हर तिला चार अक्षरांचा टॅग लावतात. पूलमॉन नॉन-पेज्ड पूलपुरतं मर्यादित करून बाइट्सप्रमाणे क्रम लावा, आणि ब्राउझिंग करताना कुठला टॅग चढतोय ते बघा. मग तो टॅग सिस्टम३२ खालच्या ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या फाइलींत शोधा. ज्या फाइलीत सापडेल तिच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनीचं नाव असतं. एकाच टॅगला दोन-तीन फाइली मिळाल्या तर तुमच्या फेऱ्यांचा कल कुणाकडे आहे ते बघून ठरवा.

९. निकाल हाती आल्यावर

आधी उत्पादनाची नवी आवृत्ती आहे का बघा. व्याख्या नव्या असल्या तरी मूळ प्रोग्राम जुना राहिलेला असतो.

अपवादांच्या यादीत ब्राउझरच घालून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. मेमरी वाचेल, पण ज्याच्यासाठी वेब स्कॅनिंग ठेवलं तेच बंद होईल. एखाद्या ठरावीक साइटवरच त्रास होत असेल तर फक्त तिचा पत्ता वगळा.

एचटीटीपीएस तपासणीच दोषी ठरली तर ती तेवढी बंद ठेवणं हा माझ्या मते मान्य होण्यासारखा तात्पुरता उपाय आहे. फाइल डिस्कवर उतरताना फाइल स्कॅनर बघतोच, आणि ब्राउझरची स्वतःची धोकादायक साइटची यादी असते. पण महिनोन्महिने अशी अर्धवट अवस्था ठेवण्यापेक्षा उत्पादन बदललेलं परवडलं.

कंपनीला कळवताना विंडोजची, अँटिव्हायरसची आणि ब्राउझरची नेमकी आवृत्ती, ‘अ’ आणि ‘इ’च्या नोंदींच्या फाइली, साइटची यादी, आणि सापडला असेल तर पूल टॅग द्या. ‘संगणक हळू चालतो’ या तक्रारीला रीइन्स्टॉल करा असं उत्तर येतं. नोंदी जोडल्या की प्रकरण पुढच्या माणसाकडे जाण्याची शक्यता वाढते. कंपनीचं माहिती गोळा करणारं साधन चालवायला सांगितलं तर ते पाठवण्याआधी उघडून बघा. त्यात तुम्ही भेट दिलेल्या पत्त्यांची यादी असू शकते, आणि मेमरी डंप असेल तर त्या वेळी मेमरीत असलेलं काहीही.

पाठवून झालं की वेब स्कॅनिंग, थांबवलेलं विंडोज अपडेट आणि पुढे ढकललेलं स्कॅन परत चालू करा, फ्लॅग्जमधलं क्विक ‘डीफॉल्ट’वर आणा, आणि परफॉर्मन्स मॉनिटरमधला कलेक्टर थांबला आहे ना ते बघा. तो चालू राहिला तर फाइल डिस्कवर वाढत बसते.